प्यायची सुई

बोरी अरबला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पंपाची मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी भरायची आणि बंद करून द्यायची, हा धंदा. गिऱ्हाइकाला एवढंच हवं असतं की मोटार चालू होते का आणि कधी. मला मात्र ती जळाली कशानं यात जास्त रस. पाणी किती खोल आहे, व्होल्टेज कसं येतं, पाइप कुठे चिरला होता का, असं विचारून मी माणसाला भंडावून सोडतो. या खोडीमुळे आमच्या घरात मला सरळ उत्तर द्यायचं सगळ्यांनी सोडलं आहे. आत्यानं तर सगळ्यात आधी सोडलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी अंगावर पीत होतो तेव्हाच माझी आई वारली. आत्या त्याच्या थोडंसं आधी विधवा होऊन माहेरी परत आली होती. तिला मूल नव्हतं, मला आई नव्हती. तिनं मला उचललं ते कायमचंच. पुढे वडीलही गेले. आता घरात आम्ही तिघं, आत्या, मी आणि माझी बायको. बायको अंगणवाडीत आहे. सत्तरी उलटली तरी आत्या रोज शेतात जायची, सोयाबीन-तुरीत निंदण करायची, आणि रविवारी पांढरं लुगडं नेसून विहारात पहिल्या रांगेत बसायची. वंदनेत तिचा आवाज सगळ्यांच्या वर. कोणी चुकलं की डोळे मिटलेलेच ठेवून ती जोरात बरोबर म्हणायची.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत तिची दाढ ठणकायला लागली. गाल सुजला. दारव्ह्याच्या डॉक्टरनं दाढ काढली आणि गोळ्या दिल्या. सूज उतरली. पुढे हिरडी जरा चुरचुरली तेव्हा आत्यानं डॉक्टरला विचारायची तसदी घेतली नाही. गोळ्यांचं रिकामं पाकीट मेडिकलवाल्याला दाखवलं आणि तीच गोळी परत आणली. पाकीट दाखवलं की गोळी मिळते, ही आमच्याकडची रीतच आहे. खरेदी सोपी पडावी म्हणून बाया रिकामी पाकिटं फडताळात जपून ठेवतात.

दाढ बरी झाली आणि पोट बिघडलं. हे आम्हाला उशिरा कळलं, कारण आत्या पोटाचं काही बोलायची नाही. संडासला जाण्याला ती "बाहेर जाणं" म्हणते, आणि तेही दबक्या आवाजात. बायकोच्या लक्षात आलं की बादली सारखी हलते आहे, आणि आत्या शेतात जायला काही ना काही निमित्त काढून टाळते आहे. मग ताक-भात झाला, डाळिंबाची साल उकळून झाली, बेलाचा मुरंबा झाला. मेडिकलमधून जुलाब बांधायच्या गोळ्या आल्या. त्यांनी आणखीच बिघडलं. पाण्यासारखं होत होतं, आणि वास असा की मी मोटारीतलं जळकं वार्निश रोज हुंगणारा माणूस, पण मलाही दारात थांबवेना. पोटात कळा, अंगात कणकण. रविवारी पांढरं लुगडं घडीच राहिलं.

"विहारात कायले नाई गेली?" मी विचारलं.

"मधातच उठा लागलं तं?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

मनगटाची हाडं वर आली होती. ही बाई आता जाते की काय, असं मला पहिल्यांदा वाटलं आणि मी भ्यायलो. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिला यवतमाळला पोटाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "मागच्या दोन-तीन महिन्यांत कोणत्या गोळ्या घेतल्या?"

आत्या माझ्या कानाशी पुटपुटली, "पोट दुखून राह्यलं, अन् हा दाढेच्या गोळ्यायचं काय इचारते?"

मला मात्र तो माणूस तिथंच आवडला. मोटार उघडायच्या आधी ती जळाली कशानं हे विचारणारा माणूस होता तो. त्यानं संडास तपासायला सांगितलं. त्या नमुन्याची डबी द्यायला आत्या तयार होईना. शेवटी पिशवीत पिशवी, तिच्यावर रुमाल, असा पाहुण्याला लाडू बांधून द्यावेत तसा बंदोबस्त करून तिनं ती माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवलं.

रिपोर्ट आला. मोठ्या आतड्यात जंतूंची लागण होती. डॉक्टरनं समजावून सांगितलं, आणि मी मध्ये मध्ये विचारत राहिलो म्हणून त्यानं जरा जास्तच सांगितलं. आपल्या मोठ्या आतड्यात अगणित जंतू राहतात आणि त्यातले बहुतेक आपल्या कामाचे असतात. ते दाटीवाटीनं राहतात म्हणून वाईट जंतूला तिथं पाय ठेवायला जागा मिळत नाही. दाढेसाठी घेतलेल्या गोळीनं दाढेतले जंतू मारले, आणि जाता जाता आतड्यातली ती वस्तीही उठवली. मग जो एक जंतू गोळीला दाद देत नाही, तो रिकाम्या जागेत पसरला. तो विष सोडतो, त्या विषानं आतड्याचं अस्तर भाजून निघतं, आणि म्हणून हे असं पाण्यासारखं होतं.

"म्हणजे जंतू चांगलेही असतात?" मी विचारलं.

"त्यांच्याशिवाय आपलं चालत नाही," डॉक्टर म्हणाला.

टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिराती पाहून मी आजवर सगळ्या जंतूंना एकजात चोर समजत आलो होतो. माझ्याच पोटात एवढा संसार चालू आहे आणि मला त्याचा पत्ता नाही, याची मला गंमत वाटायला लागली. आत्या शेजारी पोट धरून बसलेली, आणि मी आपला हरखलेला. मग तिच्याकडे लक्ष गेलं आणि लाज वाटली.

आधीच्या सगळ्या गोळ्या बंद झाल्या. जुलाब बांधायची गोळी तर अजिबात द्यायची नाही, कारण तिनं ते विष आतच कोंडून राहतं. मीठ-साखरेचं पाणी सारखं पाजायचं. आणि एक औषध, जे या जंतूला मारतं. त्याची कॅप्सूल मेडिकलमध्ये नव्हती. डॉक्टर म्हणाला, हरकत नाही, त्याच औषधाची इंजेक्शनची बाटली मिळते, ती घ्या. त्यातली पावडर पाण्यात विरघळवायची आणि दिवसातून चार वेळा प्यायला द्यायची.

"सुई प्यायची?" आत्या एकदम मोठ्यानं बोलली. दवाखान्यात शिरल्यापासून तिचा एवढा आवाज पहिल्यांदाच निघाला होता.

हे इथं सांगायला हवं. आमच्या भागात सुई म्हणजेच औषध. गोळी दिली तर माणूस म्हणतो डॉक्टरनं काही केलंच नाही. ताप असो, अशक्तपणा असो, कंबर धरलेली असो, सुई मारली की तो दवाखाना. आणि बाटली लावली, म्हणजे सलाईन, तर मग बघायलाच नको. शेजारपाजारचे लोक बाटली बघायला येतात आणि आजार मोठा होता यावर शिक्कामोर्तब होतं. अशा बाईच्या हातात इंजेक्शनची बाटली देऊन ती पाण्यात कालवून पी म्हणायचं, म्हणजे तिच्या लेखी चांगल्या बियाण्याची भाकर करून खाण्यातलाच प्रकार होता.

घरी आल्यावर तिनं बाटल्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या. बायको म्हणाली, "आत्याबाई, मी देत जाईन तुम्हाले येळेवर." आत्या उसळली, "मले बह्याड समजता का? माह्यं मी घेईन." आम्हाला वाटलं, उसळते आहे, म्हणजे जीव आहे. सकाळी बायको अंगणवाडीत जायची, मी दुकानात. संध्याकाळी बाटल्या कमी झालेल्या दिसायच्या.

गुण मात्र येईना. उलट ती खंगतच चालली. मी यवतमाळला फोन केला. डॉक्टर बुचकळ्यात पडल्यासारखा वाटला. "औषध घेतायत ना नीट?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, घेतात, बाटल्या संपतायत. तो म्हणाला, दोन दिवस बघा, नाहीतर भरती करू. फोन ठेवल्यावर मी काही न सुचून दुकानात तसाच बसून राहिलो. समोर उघडलेली मोटार होती. तार बरोबर भरली आहे, जोडणी बरोबर आहे, वीजही येते आहे, तरी ती फिरत नाही, असं कधीमधी होतं. अशा वेळी वीज वाटेत कुठे दुसरीकडेच जाते आहे का, ते आधी बघावं लागतं. पण माणसाच्या बाबतीत हे बघायचं कसं, ते मला माहीत नव्हतं.

दुपारी जेवायला मी सहसा घरी जात नाही. त्या दिवशी करमेना म्हणून गेलो. दारात आमच्या गावातल्या डॉक्टरची मोटारसायकल उभी होती. आत खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली टांगलेली, तिची नळी आत्याच्या हातात गेलेली, आणि आत्या मान, गळा, कान असं सगळं खाजवते आहे. तोंड लालबुंद झालेलं. डॉक्टरही घाबरला होता. तो नळीची चकती फिरवून बंद करत होता.

"काय झालं?" मी ओरडलोच.

"हे औषध सलाईनमधून देऊन राह्यलो," तो म्हणाला. "आजपर्यंत काही झालं नाही. आज थोडी भरभर गेली असंल."

तो माणूस वाईट नाही. वर्षानुवर्षं हे गाव त्याच्याच हातची सुई घेत आलं आहे. आत्यानं त्याला बोलावून घेतलं होतं. यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरनं भारी इंजेक्शन लिहून दिलं आहे, पण घरची माणसं ते पाण्यात कालवून वाया घालवून राह्यली, असं तिनं त्याला सांगितलं. त्यानं बाटली वाचली. बाटलीवर शिरेतून द्यावं असंच छापलेलं. त्यानं सगळा दिवसभराचा डोस सलाईनमध्ये घालून रोज दुपारी लावला. आत्याच्या पोटात औषधाचा एक थेंबही गेला नव्हता.

लाली हळूहळू उतरली. मी तिथूनच यवतमाळला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन खाटेवर ठेवला. पलीकडच्या डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, लाली उतरली ना, श्वास ठीक आहे ना, मग तेवढ्यापुरतं निभावलं. नळी काढून टाका.

गावचा डॉक्टर वाकून फोनमध्ये म्हणाला, "सर, बाटलीवर तर शिरेतूनच लिहिलंय."

"बरोबर लिहिलंय. दुसऱ्या आजारांत शिरेतूनच देतात."

"मग यांना का नाही?" मी विचारलं. "रक्त तर सगळीकडे जातं. आतड्यातही जातं."

डॉक्टरला माझा स्वभाव कळला होता. तो म्हणाला, "तुम्ही बोअरच्या पंपाची कामं करता ना? पाइप जमिनीत आहे म्हणून पाइपातलं पाणी मातीला मिळतं का?"

मी नाही म्हटलं.

"तसंच. तोंडापासून खालपर्यंत एक लांब पाइप आहे. पाइपाच्या आत जे आहे, ते शरीराच्या आत नाहीच समजा. जंतू पाइपाच्या आत बसलेत. हे औषध रक्तात दिलं की ते पाइपाच्या बाहेरून फिरतं आणि लघवीवाटे निघून जातं. पाइपाची भिंत ओलांडून ते आत येत नाही. आणि प्यायलं तर उलट. तेव्हा ते रक्तात जातच नाही म्हणा, सरळ पाइपातून खाली उतरतं आणि जंतूंच्या डोक्यावर जाऊन पडतं."

मी खाली बसलो. खाटेवर आत्या अजून मान खाजवत होती, आणि मला मात्र वाटलं, कोणीतरी घराची एक भिंत सरकवून मागची खोलीच दाखवली. इतकी वर्षं आपण जेवतो ते आपल्या आत जातं असं मी समजत होतो. ते तर आपल्यामधून जाणाऱ्या रस्त्यानं जातं, आणि त्यातलं जे हवं ते आपण वाटेत उचलून घेतो. हे कोणीतरी शाळेत सांगायला हवं होतं.

आत्यानं खाटेवरून विचारलं, "मंग पेल्यावर ते थेट तिथंच जाते?"

"थेट तिथंच," फोनमधून उत्तर आलं.

तिनं गावच्या डॉक्टरकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. "प्या आत्याबाई," तो म्हणाला, "मले बी आज नवीन कळलं."

तिनं पेला मागितला. कडू तोंड करून, डोळे मिटून, एका दमात प्यायली. पुढे तीन-चार दिवसांत बादलीची ये-जा कमी झाली. एका सकाळी ती बायकोला म्हणाली, "आज बरं झालं," आणि तेवढ्यावर आम्ही काय ते समजलो. बायकोनं त्या दिवशी शिरा केला.

साफसफाईचीही एक गंमत कळली. करोनापासून घरात हाताला लावायच्या सॅनिटायझरची बाटली होती, ती मी मोठ्या हौसेनं दारात ठेवली होती. डॉक्टर म्हणाला, या जंतूचं बी असतं. जंतू मेला तरी बी राहतं, आणि त्या बीला तुमची बाटली काही करू शकत नाही. साबण आणि वाहतं पाणी, चोळून धुतलं की ते वाहून जातं. संडासात ब्लिचिंग पावडर टाका, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. ते काम मी घेतलं. भरलेली लुगडी धुवायचंही मीच घेतलं, कारण बायकोला दिवसभर लहान लेकरांत वावरायचं होतं. आत्यानं लुगडं हातातून सोडलं नाही. "पोट्ट्या, हे तुयं काम नोहे," असं म्हणत ती ओढत राहिली आणि मग रडायला लागली. मी ते तिच्या हातातून घेतलंच.

औषध संपलं, ती भाकर खायला लागली, एका रविवारी विहारातही जाऊन आली. आणि मग परत तेच सुरू झालं. तोच वास, त्याच कळा. या वेळी तिनं लपवलं नाही. खाटेवर बसून नुसती म्हणाली, "आलं रे बाबू वापस."

यवतमाळला डॉक्टरला याचं नवल वाटलं नाही. बी राहिलं होतं, ते उगवलं, म्हणाला. औषध उगवलेल्या जंतूला मारतं, झोपलेल्या बीला नाही. आता तेच औषध, पण वेगळ्या रीतीनं. आधी रोज, मग कमी करत, मग एक दिवस सोडून, मग दोन दिवस सोडून. मधल्या रिकाम्या दिवसांत बी उगवेल आणि पुढच्या डोसात मरेल, आणि तोवर चांगल्या जंतूंना परत वस्ती करायला वेळ मिळेल.

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "म्हंजे लव्हाळा हाये हा."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, शेतात एक तण असतं. वरून फवारलं की बाकी सगळं जळतं, पण याच्या गाठी मातीत राहतात, आणि रिकामं रान मिळालं की तेच एकटं माजतं.

"अन् ते एका झटक्यात नाई जात," आत्या म्हणाली. "उगवलं का काढा, उगवलं का काढा, असं करा लागते. अन् मधात दुसरं पीक दाट पाह्यजे."

"आजी, हेच," डॉक्टर म्हणाला. त्या दिवसापासून आत्यानं औषधाचा दिवस कधी चुकवला नाही. उलट रिकाम्या दिवशी ती मला सांगायची, आज उगवू दे त्याले.

ते औषध संपत आलं तेव्हा आम्ही शेवटचं दाखवायला गेलो. आज ती पुन्हा शेतात जाते आणि आजार परत आलेला नाही. पण त्या दिवशी हे आम्हाला माहीत नव्हतं. ती अर्धी झाली होती, आणि आणखी एकदा हे आलं तर ती त्यातून निघणार नाही हे मला दिसत होतं, आणि मला वाटतं तिलाही. मी डॉक्टरला विचारलं, तिसऱ्यांदा आलं तर काय?

त्यानं सांगितलं. मग मोठ्या शहरात न्यावं लागेल. तिथं एका निरोगी माणसाची विष्ठा घेतात, नीट तपासतात, पातळ करून गाळतात आणि नळीनं रोग्याच्या आतड्यात सोडतात. त्यातले चांगले जंतू तिथं घर करतात, मग या जंतूला जागा राहत नाही. ऐकायला कसंतरी वाटतं, पण गुण चांगला येतो.

मी आयुष्यात पहिल्यांदा पुढचा प्रश्न विचारला नाही. आत्याचं तोंड बघायची हिंमत झाली नाही. संडास हा शब्दही न उच्चारणारी बाई, तिच्यासमोर हे बोलणं झालं होतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. गाडी शहराबाहेर पडली, उपटलेल्या पराटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग मागे जात राहिले. मग एकदम म्हणाली, "कोनाची घेतेत?"

"काय?"

"ते. डाक्तर म्हने ते. कोनाची घेतेत?"

पुढच्या सीटवरच्या माणसाचे कान टवकारले. मी आवाज खाली आणून म्हटलं, "घरातल्या चांगल्या तब्येतीच्या माणसाची चालते म्हणे. माह्यी चालंल. पण ते आता नाई, आत्या. आलंच वापस तं."

आता ही ओकारी काढेल, नाहीतर मला चार शिव्या घालेल, असं समजून मी तयार राहिलो. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. आवाज अजिबात खाली न आणता म्हणाली, "तुह्यी तं मी या दोनी हातानं धुतली. तुह्यी माय गेली तवा तुले रोज हगवन. समदे म्हनत पोट्टं नाई जगत. तवा मले किळस नाई आली, तं आता काय येईल?"

ही हगवण मला कधी कोणी सांगितली नव्हती, आणि मी नको ते सगळं विचारत आलेला माणूस, पण हे मी कधी विचारलं नव्हतं.

"सांग त्या डाक्तरले, पोट्टा तयार हाये," ती म्हणाली. मग माझ्या दंडाला हात लावून पाहिला. "पन तू जेवत जाय ना बाबू. माह्या दुखन्यात काडी झाला निरा. असा उपाशी राह्यला तं काय निंगन तुह्या पोटातून?"

मला रडू आवरेना. पुढचा माणूस उघड उघड मागे वळून बघायला लागला होता. आत्यानं पिशवीतून डबा काढला, उरलेली अर्धी भाकर आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला आणि मी खायला लागेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. ती मी तिथंच, गाडीत, सगळी खाल्ली.